आमच्या घरी सर्व्हर नाही

आयुधपूजेच्या सकाळी बोगादीच्या नंजुंडय्या मेष्ट्रांचा फोन आला. डबीला कुंकू लावलं तर चालेल का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, लावा, फक्त भोकांत जाऊ देऊ नका. आमच्या म्हैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, पाण्याचा पंप, कुणालाच वगळत नाहीत. त्या रांगेत मेष्ट्रांनी माझी डबी बसवली होती. थोड्या वेळाने फोटो आला. विभूतीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू, डोक्यावर शेवंती. खाली कन्नडमध्ये एकच ओळ होती: 'तीही राबतेच की.'

मेष्ट्रु म्हणजे मास्तर. नंजुंडय्या मेष्ट्रांनी सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर बोगादीला छोटं घर बांधलं. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे. मी त्यांच्या घरी डबी ठेवायला गेले आणि ओळख झाली. माझं कामच ते होतं. लोकांच्या घरी डब्या ठेवायच्या.

हे काम मी नातेवाइकांना कधीच धड समजावून सांगू शकले नाही. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापडावर ठसे उठवायचं काम चाललं, मग ते बंद पडलं आणि घरातला जो तो मिळेल त्या धंद्याला लागला. घरी अजून मराठी बोलतात, पण त्यातली निम्मी कन्नड. माझी वहिनी एकदा चार बायकांत म्हणाली होती, "आमची यमुना इंजिनियर झाली आणि आता घरोघर क्यारियर पोचवते." क्यारियर म्हणजे आमच्याकडे जेवणाचा डबा. बायका हसल्या, मीही हसले. दुसरं काय करणार?

म्हणून आधी तेच सांगते. इंटरनेट कसं चाललंय, असं कंपनीला विचारलं तर कंपनी सांगते, उत्तम. ती खोटं बोलत नसते. तिला तिचे मोठे रस्ते दिसतात आणि त्यांवर गाड्या भरधाव चाललेल्या असतात. पण तुमच्या गल्लीत गाडी शिरते का, वळणावर अडते का, हे बघायला गल्लीतच उभं राहावं लागतं. इंटरनेटवर संशोधन करणाऱ्यांची हीच अडचण. त्यांना हजारो गल्ल्यांत उभं राहायचं असतं आणि तसं कुणालाच शक्य नसतं. म्हणून ते लोकांना विनंती करतात, की तुमच्या घरचा थोडा कोपरा आम्हाला द्या. कुणी आपला कॉम्प्युटर देतो. तो रिकामा असेल तेव्हा आमचं काम करतो. कुणी आमची डबी ठेवून घेतो. साबणाच्या वडीएवढी असते, राउटरला जोडायची, आणि विसरून जायचं. ती अधूनमधून दूरच्या यंत्रांना हाक मारते, ओ यायला किती वेळ लागला ते बघते, थोडी माहिती पाठवून किती वेगाने गेली ते टिपते, आणि आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेला कळवते. एवढंच.

यात कुणाला काही मिळत नाही. लोक फुकट जागा देतात, फुकट वीज देतात. का देतात, हे मला इतक्या वर्षांत पूर्ण उमगलेलं नाही. बैलकुप्प्याच्या तिबेटी मठातल्या तेन्झिन लामांना मी हे विचारलंही होतं. मठाच्या कार्यालयाचं काम ते बघायचे. ते म्हणाले, कुणीतरी बघत राहिलं पाहिजे, एवढं लोकांना कळतं. डबी घेताना मात्र त्यांनी मला बराच वेळ बसवून ठेवलं होतं. ही आमचं बोलणं ऐकते का, आमची पत्रं वाचते का, हे त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. नाही, असं मी दर वेळी सांगितलं, आणि ते खरं होतं. डबी स्वतःच्याच हाका ऐकते, घरातल्यांच्या नाही. शेवटी त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि गुरूंच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली.

प्रयोगशाळेत येण्याआधी मी म्हैसुरातल्याच एका इंटरनेट कंपनीच्या नियंत्रणकक्षात होते. आयुष्याची उमेदीची वर्षं तिथे गेली. भिंतभर पडदे, त्यांवर शहराचा नकाशा, कुठे तांबडं दिसलं की धावाधाव. प्रभाकर माझ्या हाताखाली तिथेच रुजू झाला. मी सोडलं तेव्हा तो माझ्या खुर्चीवर बसला आणि पुढे साऱ्या विभागाचा प्रमुख झाला. मला तो अक्का म्हणायचा, आजही म्हणतो. पुढे जे घडलं त्यात कंपनीची बाजू त्यानेच सांभाळली, म्हणून त्याचं नाव आताच सांगून ठेवते.

गोष्ट खरी सुरू होते ती सिस्टर सरोजम्मांपासून.

एच. डी. कोटेच्या पुढे, कबिनीचं पाणी जिथे जंगलाला भिडतं त्या बाजूला, एका विश्वस्त मंडळाचा छोटा दवाखाना आहे. सरोजम्मा तिथल्या सिस्टर. बुटक्या, ठणठणीत आवाजाच्या, केसांत कायम अबोली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस म्हैसूरचे हृदयरोगाचे एक डॉक्टर पडद्यावरून पेशंट बघायचे. इथे सिस्टर ईसीजी लावायच्या, तिथे डॉक्टरांना हृदयाचा आलेख चालताना दिसायचा आणि पेशंटचा चेहराही. मोबाइलची रेंज तिथे जवळपास नव्हतीच. आवाराच्या टोकाला एक फणसाचं झाड होतं, त्याखाली उभं राहिलं तर कधी लागायचा फोन, कधी नाही. म्हणून सगळी भिस्त कंपनीच्या तारेवर.

ती तार दगा देत होती. म्हणजे कशी, तर पडदा सुरू व्हायचा, डॉक्टर नमस्कार म्हणायचे, पेशंटचं नाव विचारायचे, आणि खरी तपासणी सुरू झाली की चित्र गोठायचं. सिस्टरांनी तक्रार केली. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, असं उत्तर आलं. देणगीदार गाठून नवा आणला. मग सांगितलं, घरातली वायर खराब असेल. ती बदलली. मग राउटर बदलला. दर वेळी कंपनीचा माणूस यायचा, त्याच्या चाचणीत सगळं हिरवं दिसायचं, तो चहा पिऊन जायचा, आणि दुसऱ्या दिवशी चित्र पुन्हा गोठायचं. कुणीतरी त्यांना आमच्या डब्यांबद्दल सांगितलं, तेव्हा त्या बसने थेट आमच्या प्रयोगशाळेत आल्या. म्हणाल्या, "मला संशोधन नको. माझी तार का अडते ते सांगणारं काहीतरी द्या."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन डबी बसवली.

त्यानंतर काही दिवसांतच देवम्माचा प्रसंग झाला. देवम्मा आल्याच्या शेतात मजुरीला जाणारी बाई. छातीत कळ येते म्हणून दोघींनी तिला धरून आणलं. सिस्टरांनी ईसीजी लावला, पडदा सुरू केला. डॉक्टर म्हणाले, आलेख चालू ठेवा, मला आणखी बघू दे. तेवढ्यात चित्र गोठलं. सिस्टर फणसाखाली धावल्या, फोन लागला, डॉक्टरांनी काही विचारलं, ते बघायला त्या आत धावल्या, पुन्हा बाहेर आल्या तर फोन तुटलेला. असं किती वेळा झालं ते त्यांनाही आठवत नाही. शेवटी डॉक्टरांची वाट न बघता त्यांनी आपल्या अंदाजाने गोळ्या दिल्या आणि दवाखान्याची जीप काढून देवम्माला म्हैसूरला पाठवलं. अंदाज बरोबर निघाला. देवम्मा वाचली आणि पुढे स्वतःच्या पायांनी चालत, केळ्यांचा घड घेऊन दवाखान्यात आली. पण त्या संध्याकाळी सिस्टर मला फोनवर म्हणाल्या, "यमुनाम्मा, आज अंदाजावर भागलं. माझ्या अंदाजावर गाव चालवायचं का?"

मी त्यांच्या डबीने पाठवलेली मापं काढून बसले. त्यात एक विचित्र गोष्ट दिसली. डबी माहिती वर, म्हणजे घरातून बाहेर, पाठवू लागली की सुरुवातीला वेग छान असायचा. थोडा वेळ सलग पाठवत राहिली की कुणी नळ पिळावा तसा वेग एकदम धारेवरून थेंबावर यायचा. पाठवणं थांबवून जरा विसावा दिला की पुन्हा पहिल्यासारखा. दर वेळी तसंच. मग मी मेष्ट्रांची मापं काढली. तेच. तेन्झिन लामांची काढली. तेच. तिघांचीही कंपनी एक, माझीच जुनी. दुसऱ्या कंपन्यांच्या जोडण्यांवर असं कुठे नव्हतं.

नियंत्रणकक्षात आयुष्य काढलेल्या बाईला एवढं कळतं, की बिघाडाला शिस्त नसते. तार कुरतडली गेली तर ती केव्हाही अडेल, येताना अडेल, जाताना अडेल. ठरावीक वेळ सुरळीत चालून मग अडते, तेही फक्त जाताना, आणि विसावा दिला की सुधारते, तो बिघाड नसतो. तो नियम असतो. कुणीतरी मुद्दाम लिहिलेला.

मी हे आमच्या प्राध्यापक सरांना दाखवलं. ते उठून उभे राहिले. संशोधकाला असं काही सापडलं की तो आधी खुश होतो, मग त्याला पेशंट आठवतो. त्यांचा दोष नाही. आम्ही आणखी घरांतून मोजायचं ठरवलं आणि दवाखान्याची सोडून बाकी डब्यांना जास्त हाका मारायला लावलं. आणि तिथेच आम्ही सापडलो.

त्या आठवड्यात स्वयंसेवकांचे फोन सुरू झाले. कंपनीने त्यांची इंटरनेट जोडणी बंद केली होती. प्रत्येकाला एकच निरोप: तुमच्या घरी सर्व्हर चालवला जात असल्याचं आढळलं आहे, घरगुती जोडणीवर त्याला परवानगी नाही. नियमावलीत तसं कलम होतं खरं. सर्व्हर म्हणजे दुकान मांडून बसलेलं यंत्र, बाहेरून येईल त्याला माल देणारं. आमची डबी दुकान मांडत नव्हती, उलट दुसऱ्यांच्या दारात जाऊन हाक मारत होती. पण कंपनीच्या यंत्राला एवढाच फरक कळत होता, की हे घर फार जणांशी बोलतंय.

नंजुंडय्या मेष्ट्रु दुखावले. त्यांची मुलगी परदेशात, रोज सकाळी नातवाला पडद्यावर बघायचा त्यांचा नेम. तो तर तुटलाच, पण त्यांना लागलं ते दुसरंच. ते म्हणाले, "मी जन्मात बसचं तिकीट चुकवलं नाही, अम्मा. आणि हे मला लिहितात, की तुम्ही नियम मोडलात. आमच्या घरी सर्व्हर नाही."

लोक डब्या परत आणून देऊ लागले. भाजीच्या पिशवीत घालून, दारवानाकडे ठेवून, न भेटता. सिद्धार्थ ले-आउट वसाहतीतल्या एका फोटोग्राफरचं लग्नाचं काम त्या बंदीत अडकलं, गिऱ्हाईक तुटलं. मी त्यांच्या स्टुडिओत जाऊन माफी मागितली. त्यांनी बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि डबी माझ्यासमोर ठेवली. ते पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत. ती एक सल माझ्याकडे राहिली आहे. त्यांनी आम्हाला भाबडेपणाने घरात घेतलं होतं.

तेन्झिन लामांनी मात्र डबी काढली नाही. मठाचं कार्यालय तसंच बंद जोडणीवर बसून होतं, आणि लामा कुशालनगरपर्यंत जाऊन मेल बघून येत होते. मी म्हटलं, काढून ठेवा, तुमची जोडणी सुरू होईल. त्यांनी विचारलं, की डबीने काही वाईट केलं आहे का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग राहू दे.

कॉलेजच्या वकिलांना घाम फुटला. त्यांनी सरांना कळवलं, की सगळ्या डब्या गोळा करा आणि काम थांबवा. सर तरुण होते, त्यांना वर्तमानपत्रात जायचं होतं, सरकारकडे तक्रार करायची होती. मी त्यांना म्हटलं, तक्रार करा, जरूर करा, पण त्याला महिने लागतील. तोवर फणसाखाली सिस्टर धावत राहतील. मला आधी एकदा कंपनीत जाऊ द्या. मी तिथली आहे, मला दार माहीत आहे. सरांनी वकिलांकडून थोडी मुदत मागून घेतली.

मी प्रभाकरला फोन केला. तो मोकळेपणाने बोलला नाही, पण भेटायला नाहीही म्हणाला नाही. मी एकच अट घातली: बैठकीच्या खोलीत नको, नियंत्रणकक्षात भेटू. आणि माझ्याबरोबर एक ग्राहक येईल.

मेष्ट्रु इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर जरीकाठी उपरणं टाकून आले. सत्काराला निघाल्यासारखे. खोलीत पडदे तेच होते, खुर्च्या बदललेल्या. प्रभाकरचे केस पिकले होते. त्याने मेष्ट्रांना नमस्कार केला, मला बसवलं आणि बाजू मांडली. ती ऐकण्यासारखी होती. काही लोक घरगुती जोडणी घेऊन अख्ख्या गल्लीला विकत होते. काहींच्या घरच्या स्वस्त कॅमेऱ्यांत विषाणू शिरून ते परक्या यंत्रांवर हल्ले चढवत होते. या सगळ्यापायी साध्या गिऱ्हाइकांचा वेग पडायचा. म्हणून नियम लावला होता. जे घर सलग वर पाठवत राहील त्याचा वेग आवळायचा, आणि जे फार ठिकाणी बोलत राहील त्याची जोडणी बंद करायची.

मी म्हटलं, नियम का लावलास ते कळलं. आता तो काय करतो ते बघू.

सिस्टरांना मी तयार राहायला सांगितलं होतं. माझ्या लॅपटॉपवर पडदा सुरू केला. सरोजम्मा दिसल्या, मागे खाट, खाटेवर दवाखान्याचा माळी हौसेने पेशंट होऊन झोपलेला, छातीवर तारा. शेजारी आलेख चालत होता. मी प्रभाकरला म्हटलं, याच तारेची तुझी चाचणी आता लाव. त्याने लावली. मोठ्या पडद्यावर सगळं हिरवं, वेग पूर्ण. सिस्टर बोलत होत्या, आज सकाळी किती पेशंट आले, कुणाला काय झालं. बोलता बोलता त्यांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. आलेख थांबला. माळ्याचा हात हवेत तसाच.

मोठ्या पडद्यावर अजून हिरवंच होतं.

प्रभाकरने चाचणी पुन्हा लावली. पुन्हा हिरवं. मग मी त्याला समजावलं, म्हणजे खरं तर आठवण करून दिली, कारण त्यालाही ते माहीत होतं. कंपनीची चाचणी कंपनीच्याच म्हैसूरच्या यंत्राशी बोलते, आणि थोडा वेळच बोलते. नियम जागा होण्याआधी ती संपलेली असते. तुमचा माणूस दर वेळी प्रामाणिकपणे हिरवं बघून परत जात होता.

"आता या एका तारेवरचा नियम काढ," मी म्हटलं.

त्याने शेजारच्या इंजिनियर मुलीला खूण केली. तिने कळा दाबल्या. क्षणभर काही झालं नाही. मग सरोजम्मांचं तोंड मिटलं, माळ्याचा हात खाली आला, आणि खणखणीत आवाज आला, "...म्हणून मी विचारते, दिसतेय का मी तुम्हाला?"

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. चित्र गोठलं नाही. माळी कंटाळून उठून बसला. मेष्ट्रांनी प्रभाकरकडे वळून विचारलं, की नियम पुन्हा लावून बघता येईल का, एकदाच बघितलेल्या प्रयोगावर ते विश्वास ठेवत नाहीत. नियम पुन्हा लावला. चित्र पुन्हा गोठलं. काढला, सुरू झालं. मेष्ट्रांनी समाधानाने मान हलवली, वर्गात रसायनाचा रंग हवा तसा बदलल्यावर हलवत असतील तशी.

प्रभाकर पडद्याकडे बघत होता. मग माझ्याशी हळू आवाजात बोलला, "अक्का, हा नियम मीच मागून घेतला होता. चोरांसाठी जाळं लावलं आणि त्यात दवाखाना अडकला."

"मग जाळं काढू नकोस," मी म्हटलं. "भोकं मोठी कर. आणि कुणी अडकलं तर कापण्याआधी त्याला फोन करून विचार."

तो म्हणाला, माझ्या विभागापुरतं मी आज करतो, वरच्यांचं बघावं लागेल. आणि त्याने ते खरंच त्याच बैठकीत केलं. आमच्यासमोर दवाखान्याची तार नियमातून कायमची सोडवली, बंद केलेल्या स्वयंसेवकांच्या जोडण्या सुरू करायला सांगितलं. मेष्ट्रांची पहिली. मग त्याने मेष्ट्रांची क्षमा मागितली, कंपनीच्या वतीने नव्हे, स्वतःच्या. मेष्ट्रांनी ती घेतली आणि वर एक प्रश्न विचारला: तुमच्या नियमावलीत सर्व्हर हा शब्द आहे, पण सर्व्हर म्हणजे काय ते कुठेच नाही, मग माणसाने पाळायचं काय?

त्या प्रश्नाने पुढचं काम केलं. कंपनीच्या मुख्य कार्यालयातून आधी नकार आला, मग शंका आल्या, मग एक इंजिनियर आला. तो आमच्या प्रयोगशाळेत बसला, मापं बघितली, स्वतः दवाखान्यापर्यंत जाऊन आला. परतल्यावर त्याने विचारलं, या डब्या आम्हाला मिळतील का, आमच्याच ग्राहकांच्या गल्ल्या आम्हाला दिसत नाहीत. सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. तक्रारीचा जो मसुदा त्यांनी जिवापाड मेहनतीने लिहिला होता, त्याचा त्यांना लेख करावा लागला, आणि त्यात कंपनीचे आभार मानावे लागले.

नियम बदलला, फक्त प्रभाकरच्या विभागात नव्हे, कंपनीच्या सगळ्या जोडण्यांवर. सलग वर पाठवणं हा आता गुन्हा राहिला नाही. संशयास्पद वाटलं तर आधी माणूस फोन करतो. आणि नवं कलम आलं, की संशोधनासाठी घरी मापनयंत्र ठेवायला परवानगी आहे. कलमाचा कन्नड मसुदा प्रभाकरने मेष्ट्रांना वाचायला पाठवला. मेष्ट्रांनी त्यातल्या व्याकरणाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत केला आणि एका वाक्यासमोर 'अर्थ कळत नाही, पुन्हा लिहा' असा शेरा मारला. पुन्हा लिहिलं. आज ते कलम साध्या माणसाला वाचून कळतं, हे मी स्वतःच्या कामातलं मोठं यश मानते, आणि ते माझं नाही.

डब्या परत घराघरांत गेल्या. मी दारोदार फिरले. ज्यांनी पिशवीतून परत केल्या होत्या त्यांतल्या बहुतेकांनी दार उघडलं, काहींनी जेवायला बसवलं. तेन्झिन लामांकडे मला जावंच लागलं नाही. जोडणी सुरू झाल्याबरोबर त्यांची डबी आमच्या नकाशावर आपोआप उमटली. वहिनीने मला विचारलं, क्यारियर पुन्हा वाटायला लागलीस काय गं? मी म्हटलं, होय, आणि या वेळी कंपनीचे लोकही मागायला आले. शेजारणींना तिने काय सांगितलं ते माझ्या कानावर आलं. तिच्या सांगण्यात मी कंपनी विकत घ्यायचीच काय ती बाकी राहिली होती.

नियम सगळीकडे बदलल्याची बातमी प्रभाकरने दिली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. थोड्या वेळाने सरोजम्मांचा फोन आला. फणसाखालून नव्हे, तारेवरून, आणि चित्रासकट. त्यांच्या मागे धोतर नेसलेले एक म्हातारे आजोबा खाटेवर बसले होते, तोंड फुगवून. सिस्टर सांगू लागल्या. आजोबा जंगलाच्या कडेच्या पाड्यावरून आले होते, छातीत जळजळ म्हणून. त्यांनी ईसीजी लावला, पडदा सुरू केला. डॉक्टरांनी आलेख पाहिला, आणखी पाहिला, आजोबांना कुशीवर वळायला लावलं, पुन्हा पाहिला, प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, आणि शेवटपर्यंत कुठेही काही अडलं नाही. तार सोडवल्यापासून चित्र गोठत नव्हतंच, पण एवढी लांब तपासणी पहिल्यांदाच झाली होती.

"मग काय निघालं?" मी विचारलं.

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "हृदय तिशीतल्या माणसासारखं आहे. काल लग्नात फणसाची भजी जास्त खाल्ली. डॉक्टरांनी सांगितलं, आजोबा, घरी जा."

मागून आजोबा कुरकुरले. एवढ्या लांबून चालत आलो, एवढ्या तारा लावून घेतल्या, आणि आजार काहीच नाही म्हणतात. निदान एक सुई तरी टोचा.

सरोजम्मा हसू लागल्या. मीही. आमच्या प्रयोगशाळेत सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि आजोबांचा तो रुसलेला, ठणठणीत चेहरा सगळ्यांना दाखवला.